मेरापीच्या उतारावर राहायचे ते कुणाच्या भरवशावर?

इंडोनेशियातून ज्वालामुखीच्या उद्रेकाची बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : अशा ठिकाणी माणसे राहतातच कशाला? विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. एक तर ती माणसे अडाणी आणि अंधश्रद्धाळू आहेत, किंवा तिथले सरकार निष्काळजी आहे. एरवी त्यांना केव्हाच उचलून सुरक्षित जागी नेऊन वसवले नसते का? याच्या अगदी उलट बोलणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखी उतारावरचा शेतकरी डोंगराशी एकरूप झालेला असतो, त्याला डोंगराच्या खाणाखुणा कळतात, आणि शहरातल्या शास्त्रज्ञाने त्याला शहाणपण शिकवण्याचे कारण नाही. मला हे दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, कारण राहावे की जावे या एकाच प्रश्नाभोवती ते फिरत राहतात आणि त्या राहण्याचा खर्च कोण उचलतो हे कुणीच विचारत नाही. जागृत ज्वालामुखीच्या आणि भूकंपाच्या प्रदेशात राहणे शहाणपणाचे असू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यासाठी दोन गोष्टींची किंमत मोजावी लागते. डोंगर खवळेल तेव्हा काही आठवडे किंवा महिने घरदार सोडून जाण्याची एक, आणि जमीन हादरली तरी अंगावर न कोसळणाऱ्या घराची दुसरी. ही किंमत सगळ्या समाजाने वाटून घ्यायची असते. ती एकट्या उतारावरच्या कुटुंबावर ढकलली, की मग माणसे मरतात आणि दोष मात्र डोंगराला किंवा त्यांच्या श्रद्धांना दिला जातो.

या वादाचे खरे ठिकाण जावा बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि तिथे १५ कोटींहून अधिक लोक राहतात. एवढी दाटी तिथे का झाली याचे एक मोठे कारण पायाखालीच आहे. बेटाच्या कण्यावर ज्वालामुखींची रांग उभी आहे, आणि त्यांच्या तोंडून येणारी राख ही ताज्या खडकाची बारीक पूड असते. उष्ण, दमट हवेत ती भराभर कुजते आणि पोटॅश, चुना, मॅग्नेशियम, स्फुरद असा सगळा ऐवज पिकाच्या मुळांशी मोकळा होतो. जुन्या उष्णकटिबंधीय जमिनी हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन निकस होतात. इथे डोंगर अधूनमधून नवी भर घालत राहतो. योग्यकर्ता शहराच्या उत्तरेला, जेमतेम तीस किलोमीटरवर उभा असलेला मेरापी हा या रांगेतला सर्वांत अस्वस्थ डोंगरांपैकी एक. त्याच्या दक्षिण उतारावर भात, भाजीपाला, खवल्यांच्या सालीच्या सलाक फळाच्या बागा, आणि वरच्या वाड्यांतून दुभत्या गाई. शहराच्या विहिरींना लागणारे पाणी त्याच्याच पोटातून झिरपत येते. बोरोबुदूरचा स्तूप ज्या अँडेसाइट दगडात घडवला तो दगडही ज्वालामुखीचाच. तेव्हा तिथली माणसे ज्वालामुखी असूनही राहतात हे अर्धेच खरे आहे. त्यांच्यातली बहुतेक तो आहे म्हणूनच तिथे आली.

मग त्यांना हलवावे, असे म्हणणाऱ्यांनी कुठे, हेही सांगायला हवे. हा प्रयोग तिथे शंभर वर्षे चालला आहे. डच वसाहतीच्या सरकारने १९०५ पासून जावातली कुटुंबे सुमात्राच्या लाम्पुंग भागात नेऊन वसवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर सुहार्तो यांच्या राजवटीत तेच धोरण प्रचंड प्रमाणावर राबवले गेले. त्याचा सर्वांत बोलका शेवट बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतात झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथली सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीची जमीन भातशेतीखाली आणण्याची योजना निघाली, कालवे खणून तिच्यातले पाणी काढले गेले आणि जावातून शेतकरी आणले गेले. पण ती कुजलेल्या वनस्पतींची आम्लयुक्त जमीन होती. भाताने तिथे मूळ धरले नाही, आणि १९९७ च्या कोरड्या हंगामात सुकलेली ती भूमी महिनोन्महिने जळत राहिली. जावाच्या शेतकऱ्याचे कसब जावाच्या मातीशी बांधलेले होते. त्याला त्या मातीतून उपटून शेकडो कोसांवर नेऊन लावणे म्हणजे त्याला धोक्यातून बाहेर काढणे, हे गृहीतच फसवे होते. एका धोक्यातून दुसऱ्यात ढकलणे एवढाच त्याचा अर्थ झाला, आणि नव्या धोक्याशी कसे वागायचे याची पिढीजात शिकवणही त्याच्याजवळ नव्हती.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१० साली मेरापीने स्थानिक अनुभवाचा आधार खोटा पाडला. मबाह मरिजान हे डोंगराचे राखणदार म्हणून योग्यकर्ताच्या सुलतानाने नेमलेले वृद्ध गृहस्थ किनाहरेजो या वाडीत राहत. २००६ च्या उद्रेकाच्या वेळी त्यांनी खाली यायला नकार दिला होता आणि ते वाचले होते. त्यामुळे देशभर त्यांचे नाव झाले. २५ ऑक्टोबर २०१० रोजी इशाऱ्याची पातळी सर्वोच्च करण्यात आली, तरी ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट वाडीवरून गेला. ते गेले, शेजारी गेले, आणि त्यांचे मन वळवायला वर आलेलेही गेले. हा उद्रेक १८७२ नंतरचा मेरापीचा सर्वांत मोठा उद्रेक होता, म्हणजे तसा उद्रेक पाहिलेले माणूस त्या उतारावर जिवंत असणे शक्यच नव्हते. जे चार पिढ्यांत घडले नाही त्याबद्दल चार पिढ्यांचा अनुभव काय सांगणार? १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्गो गावात, लग्नघर गजबजलेले असताना, असाच लोट उतरला होता आणि साठहून अधिक माणसे दगावली होती. तिथेही हा डोंगर आपल्या बाजूला येत नाही असाच समज होता. उतारावरच्या माणसाचे ज्ञान खरे असते, पण ते त्याच्या आयुष्याएवढेच लांब असते. ज्वालामुखीचा हिशेब त्याहून मोठ्या काळाचा आहे. म्हणून त्या ज्ञानाचे गोडवे गाणाऱ्यांना माझा विरोध आहे. ते गोडवे शेवटी कुणाच्या तरी जिवावर बेततात.

पण याच २०१० ची उरलेली गोष्ट क्वचित सांगितली जाते. शास्त्रज्ञांनी भूकंपलेखक, डोंगराच्या फुगण्याची मापे, बाहेर पडणाऱ्या वायूंचे प्रमाण आणि उपग्रहांवरून मिळालेली रडार चित्रे यांवरून ओळखले की हा नेहमीचा उद्रेक नाही. धोक्याचे वर्तुळ दहा किलोमीटरचे होते, ते ३ नोव्हेंबरला पंधरा झाले आणि ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, मुख्य स्फोट चालू असतानाच, वीस. त्या रात्री गेंडोल नदीच्या पात्रातून आगलोट सुमारे पंधरा किलोमीटर खाली धावत आला. साडेतीनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली, आणि हा आकडा लहान मुळीच नाही. मात्र पुढे जे शास्त्रीय मूल्यमापन झाले त्यानुसार वेळेवर हलवल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले. लाखो माणसे घर सोडून शाळांत, मैदानांत, क्रीडागारात जाऊन राहिली आणि नंतर बहुतेक परतली. याच्या शेजारी कोलंबियातल्या आर्मेरो या गावाची आठवण ठेवावी. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेवादो देल रुइस या पर्वतावरचा बर्फ उद्रेकाने वितळला आणि चिखलाच्या पुराने सुमारे २३ हजार माणसे गाडली. धोक्याचा नकाशा त्याआधी महिनाभर तयार होता, आणि गाव त्या नकाशात होते. चिखल गावापर्यंत यायला काही तास लागले. तेवढ्यात उंचवट्यावर पायी जाता आले असते. डोंगराने दोन्हीकडे सूचना दिली होती. फरक पडला तो खाली ती ऐकून निर्णय घेणारी, आणि निर्णयाचा खर्च उचलायला तयार असलेली यंत्रणा होती की नव्हती याचा.

खर्च म्हणजे काय हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मेरापीच्या वरच्या वाडीतल्या कुटुंबाकडे दोन किंवा तीन दुभत्या गाई असतात. बँकेतली शिल्लक म्हणावी तर तीच. गाईला दिवसाला तीस-चाळीस किलो हिरवा चारा लागतो, तो वरच्याच उतारावरून कापून डोक्यावरून आणावा लागतो, आणि धार दोन्ही वेळा काढावी लागते. दोन दिवस धार काढली नाही तर कासेला सूज येते आणि दुभते जनावर कायमचे बिघडू शकते. आता लाउडस्पीकरवरून सांगितले जाते की सगळ्यांनी पंधरा किलोमीटर खाली छावणीत जावे. छावणीत माणसासाठी चटई आणि भात आहे. गाईसाठी काय आहे? काहीच नसेल, तर घरातला एक माणूस पहाटे मोटारसायकल काढून पुन्हा वर जाणारच. २०१० मध्ये माणसे अशीच वर जात होती, आणि सरकारने लोकांची जनावरे विकत घेण्याची तयारी दाखवली ती याच कारणाने. कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराटमध्ये २५ जून १९९७ रोजी जे १९ लोक मेले, त्यांच्यातही निषिद्ध क्षेत्रातल्या शेतांवर पिकाची निगा राखायला गेलेले शेतकरी होते. त्यांना आपण अंधश्रद्धाळू म्हणणार का? डोंगराचा धोका त्यांना कळत होता. हातचे पीक गेले तर पुढचे वर्ष कसे काढायचे हेही कळत होते, आणि या दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्याशिवाय कुणी उत्तर देत नव्हते. मेरापीवर हा धडा घेतला गेल्याचे दिसते. नोव्हेंबर २०२० मध्ये इशाऱ्याची पातळी पुन्हा वाढली तेव्हा उतारावरच्या ग्लागाहार्जो गावाच्या वरच्या वाडीतून म्हातारीकोतारी, लहान मुले यांच्याबरोबर गाईही खाली आणल्या गेल्या, सामायिक गोठ्यांत बांधल्या गेल्या. माझ्या मते कुठल्याही नव्या यंत्राइतकीच त्या गोठ्यांची नोंद व्हायला हवी.

भूकंपाचे गणित मात्र वेगळे आहे, आणि ज्वालामुखीच्या दिमाखात ते झाकले जाते. मे २००६ मध्ये मेरापी धुमसत होता, इशारा सर्वोच्च पातळीवर होता, आणि साऱ्या जगाचे लक्ष योग्यकर्ताच्या उत्तरेला लागले होते. २७ मे रोजी पहाटे सहाच्या सुमारास शहराच्या दक्षिणेला, बांतुल भागात, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. मिनिटभरात पाच हजार सातशेहून अधिक माणसे गेली आणि सुमारे दीड लाख घरे जमीनदोस्त झाली. त्या वर्षी मेरापीच्या उद्रेकात मेलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बांतुलची सपाट, पाणथळ भातजमीन ही मेरापीच्याच नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या राखवाळूची. तिच्यात पीक उत्तम येते आणि हादराही वाढून येतो. ज्याने पोसले त्यानेच घर हलवले, असे म्हणता येईल. पण घर पाडले ते त्याने नव्हे. पाडले ते लोखंडाची सळई नसलेल्या, कोपऱ्यांत एकमेकींना न बांधलेल्या विटांच्या भिंतींनी आणि वरच्या जड कौलांनी. भूकंप सूचना देत नाही, म्हणून तिथे पळण्याची तयारी निरुपयोगी आहे. तिथे उपयोगी पडतो तो फक्त गवंडी. पुनर्बांधणीत गावोगाव लोकांचे गट करून पैसे हप्त्याहप्त्याने दिले गेले, सळईचे खांब आणि तुळया घातल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नसे, आणि बहुतेक घरे दोनेक वर्षांत त्याच जागी पुन्हा उभी राहिली. बांतुल हलवावे असे कुणी म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले.

इथे आपल्याला आपल्याकडे पाहावे लागते. महाराष्ट्राचा मोठा भागही लाव्ह्याचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या थरांवर आपण काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी घेतो, आणि आपल्या जमिनीचे देणे चुकते झाले आहे असे मानतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जे घडले ते पुरेसे नव्हते म्हणून की काय, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारी आणि आसपासची गावे ढिगाऱ्याखाली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मारली ती मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंतींनी आणि त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवत नेलेल्या माळवदांनी. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड घातलेले नसत. हादरा बसताच भिंत मधून फाटली आणि माळवद सरळ खाली आले. यावर आपण काय केले? ५२ गावे उचलून नव्या जागी वसवली. जिथे घरातली पाच-सात माणसे गेली त्या ढिगाऱ्यावर पुन्हा राहायचे नाही, ही लोकांची भावना समजण्यासारखी होती, आणि तिला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. पण नवी गावे शहरी वसाहतीसारखी सरळ रस्त्यांची, ऐसपैस झाली. शेते लांब पडली, गल्लीतली सोबत तुटली, जनावरे बांधायची कुठे हा प्रश्न उरला. दोष होता बांधकामात, आणि बदलली जागा. ज्या शेकडो गावांना हलवले नाही तिथे दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत दिली गेली, पण कितीतरी घरांत तेच दगड, तीच माती आणि तीच माळवदे राहिली. दरडीखाली इर्शाळवाडी गेली तेव्हाही पहिला प्रश्न हाच निघाला : डोंगराखाली राहतात कशाला?

यावर एक रास्त आक्षेप येतो. जो आपण होऊन धोक्यात राहतो त्याच्या गाईंसाठी, घरासाठी, छावणीसाठी इतरांनी कर का भरावा? प्रश्न कठोर आहे, पण अन्यायाचा नाही, आणि त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. उत्तर असे आहे की लाभही एकट्याचा नसतो. योग्यकर्ता त्या डोंगराचे पाणी पिते, तिथले दूध, भाजी आणि फळे खाते. त्याच्या नद्यांतून उपसलेल्या वाळूवर मध्य जावातली बांधकामे उभी राहतात. जीपमधून जळलेल्या वाड्या दाखवणारे पर्यटन शहरातल्या हॉटेलांचे पोट भरते. डोंगराचे उत्पन्न तीस किलोमीटर खाली वाटले जाते आणि जोखीम पाच किलोमीटरच्या आत साठून राहते. मुंबईला पाणी देणारी धरणे ज्या गावांच्या जमिनींवर उभी आहेत त्या गावांबद्दल आपण जे देणे मान्य करतो, किंवा निदान करायला हवे, त्याच जातीचे हे देणे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. राहण्याची सोय करून दिली की वस्ती वाढते, वस्ती वाढली की धोका वाढतो, आणि एके दिवशी अशी वेळ येते की कितीही आधी इशारा मिळाला तरी सगळ्यांना हलवणे अशक्य होते. त्यात इशारे फुकट जाण्याचीही भीती आहे. १९७६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर ज्वालामुखीच्या भीतीने सत्तर हजारांहून अधिक माणसांना महिनोन्महिने बाहेर ठेवले गेले आणि अपेक्षित महास्फोट झालाच नाही. शास्त्रज्ञांवरचा विश्वास तिथे वर्षानुवर्षे डळमळीत राहिला. खुद्द मेरापीचा इशारा नोव्हेंबर २०२० मध्ये चारपैकी तिसऱ्या पातळीवर गेला आणि वर्षामागून वर्षे तिथेच राहिला. इतका काळ छावणीत कोण बसेल? म्हणून सरसकट सूट देण्याच्या मी विरोधात आहे. २०१० नंतर तिथे जी वाट काढली गेली ती मला योग्य वाटते : सर्वांत धोक्याच्या पट्ट्यातल्या जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहील, तो तिथे पीक घेईल, चारा कापेल, पण रात्रीचा मुक्काम आणि नवे घर खाली बांधून दिलेल्या वसाहतीत. मालकी न हिरावल्यामुळे अडीच हजारांहून अधिक कुटुंबे खाली आली. हलण्याची भीती बहुतेकदा घराची नसते, जमीन हातची जाण्याची असते. तेवढी दूर केली की माणूस समंजसपणे ऐकतो.

तरीही ग्लागाहार्जोमधल्या तीन वाड्यांनी, कालितेंगाह लोर, कालितेंगाह किदुल आणि स्रुनेन यांनी, खाली यायला नकार दिला आणि जळून गेलेली घरे त्याच जागी पुन्हा बांधली. त्यांचा निर्णय मला पटत नाही. सुमारे चार-पाच किलोमीटरवर धुमसणारे तोंड असताना तिथे मुले वाढवू नयेत, असे मी त्यांच्या तोंडावर सांगेन. पण नकार दिला म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडावे हेही मला मान्य नाही. कारण उद्या लोट उतरेल तेव्हा त्यांच्यातली लहान मुले त्या निर्णयाची धनी नसतील. त्या वाड्यांत लाकडी ठोकळे वाजवून द्यायच्या इशाऱ्याची पद्धत जिवंत आहे, वॉकीटॉकीवरून वेधशाळेच्या खबरा ऐकणारी तरुण मुले आहेत, कोणत्या घरात कोण म्हातारे आहे आणि ते कुणाच्या गाडीवर बसून उतरणार हे ठरलेले आहे. त्यांच्यापुरते त्यांनी केले आहे. त्यांना हवा आहे तो खाली उतरणारा शाबूत रस्ता, आणि नेमका तोच गेंडोलच्या पात्रातून वाळू नेणाऱ्या मालमोटारींनी वर्षानुवर्षे उखडला जातो. लोकांनी तक्रारी केल्या, मालमोटारी अडवल्या, रस्ता दुरुस्त झाला आणि पुन्हा उखडला. ती वाळू खालच्या शहरांतल्या घरांसाठी जाते. त्या प्रत्येक मालमोटारीमागे उपकर घेऊन तो आधी त्या रस्त्यावर खर्च करावा, आणि सुटकेच्या रस्त्यावरून वाळूची वाहतूक मुळातच बंद करून तिला वेगळी वाट काढून द्यावी. राहावे की जावे याचा वाद त्यानंतर त्या तीन वाड्यांशी खुशाल घालावा.